बीटलचे ड्रम ब्रेक घरी बसवताना: कामाचा क्रम आणि मधल्या तपासण्या

नवे शू (ड्रमला आतून दाबले जाणारे ब्रेकचे भाग) बसवले, नवे व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे भाग) बसवले, दोनदा एअर काढली, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर काढली, तरी पेडल अर्ध्याहून खाली जाते, अशी तक्रार जुन्या फोक्सवॅगन बीटलचे मालक वारंवार करतात. यानंतर संशय मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागावर) जातो, तोही बदलला जातो आणि पेडल मात्र होते तिथेच राहते. असे घडते तेव्हा सुट्या भागांत दोष क्वचितच असतो. शू ड्रमच्या जवळ आणण्याआधीच एअर काढलेली असते किंवा बेअरिंग ढिले असताना शू अॅडजस्ट केलेले असतात. म्हणून या लेखात भागांच्या यादीपेक्षा कामाच्या क्रमावर अधिक भर दिला आहे.

पुढील वर्णन चारही चाकांना ड्रम असलेल्या, उजव्या स्टिअरिंगच्या बीटलसाठी आहे. पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडरवर काम करणाऱ्यांनाही हा क्रम उपयोगी पडेल, मात्र त्या गाड्यांचे अॅडजस्टर (शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारे स्क्रू), नट आणि हब वेगळे असल्याने येथील मापे त्यांना लावू नयेत.

## टप्पा १ : गाडी उचलण्याआधीची तयारी

कामाला दोन पूर्ण दिवस ठेवावेत आणि ते दोन दिवस गाडीची गरज पडणार नाही याची खात्री करावी. घाईत बसवलेला ब्रेक पुन्हा उघडावाच लागतो.

भाग नेहमी एका अॅक्सलच्या दोन्ही चाकांसाठी एकदम आणावेत. एका बाजूला नवे लायनर (शूवरचे घर्षणाचे अस्तर) आणि दुसऱ्या बाजूला जुने असतील, तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. शूबरोबर रिटर्न स्प्रिंग, शूच्या पिना, त्यांच्या स्प्रिंगा आणि वाट्या यांचा संच, पुढच्या ड्रमची ग्रीस सील, नव्या स्प्लिट पिना आणि न उघडलेला ब्रेक ऑइलचा डबा आणावा. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचे असावे. मागच्या वर्षी उघडलेला अर्धा डबा वापरू नये, कारण हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत ते फार लवकर खराब होते.

हत्यारांमध्ये मागच्या अॅक्सलच्या नटासाठी ३६ मिमीचा भक्कम सॉकेट, लांब दांडा आणि नळी, ब्रेक पाइपच्या नटासाठी ११ मिमीचा पाना, ब्लीडर निपलसाठी (एअर काढण्याच्या छोट्या तोंडासाठी) ७ मिमीचा पाना, स्प्रिंग ओढण्याची पक्कड आणि अॅडजस्टर फिरवण्यासाठी रुंद स्क्रू ड्रायव्हर लागतो. ११ मिमीचा पाना साधा घेऊ नये. नटाला चहूबाजूंनी धरणारा, एका बाजूला खाच असलेला पाइप-नटाचा पाना घ्यावा. साध्या पान्याने जुना नट गोल होतो आणि मग पूर्ण पाइप बदलावा लागतो. या नटांवर आणि ब्लीडर निपलांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

सावधान: जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. चांगला मास्क लावावा, धूळ पाण्याने ओली करून फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

## टप्पा २ : नट ढिले करणे आणि गाडी स्टँडवर घेणे

मागच्या अॅक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करावा. तो सुमारे ३०० न्यूटन-मीटर इतका घट्ट असतो, आणि गाडी स्टँडवर असताना एवढा जोर लावला तर ती स्टँडवरून घसरू शकते. स्प्लिट पिन काढावी, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि मगच जोर द्यावा. चाकाचे बोल्टही याच वेळी पाव फेरा ढिले करावेत.

जॅकचा उपयोग फक्त उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी स्टँडवर ठेवावी. पुढे स्टँड अॅक्सलच्या आडव्या नळ्यांखाली आणि मागे टॉर्शन बारच्या जाड नळीखाली लावावेत. दारांखालचे मूळ जॅक पॉइंट जुन्या गाड्यांत बहुधा आतून गंजलेले असतात, म्हणून त्यांवर विसंबू नये. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक स्टँड म्हणून वापरू नयेत. ते भाराखाली एका क्षणात फुटतात.

तपासा: चाके काढण्यापूर्वी गाडी कमरेच्या जोराने हलवून पाहावी. स्टँड जागचा हलला, तर गाडी खाली घेऊन पुन्हा लावावी.

## टप्पा ३ : ड्रम काढणे

ड्रमच्या आतल्या बाजूला झिजेमुळे कंगोरा तयार झालेला असतो आणि शू त्यात अडकतात. म्हणून ड्रम ओढण्यापूर्वी चांदणीसारखे दोन्ही अॅडजस्टर फिरवून शू मागे घ्यावेत. जुन्या मॉडेलांत अॅडजस्टरपर्यंत पोचण्याचे भोक ड्रममध्ये असते, नंतरच्या मॉडेलांत ते बॅकप्लेटमध्ये (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यात) असते. मागच्या चाकांसाठी हँडब्रेक पूर्ण सोडून त्याच्या केबलही ढिल्या कराव्यात.

पुढच्या चाकांत ड्रम आणि हब एकच असतात आणि बेअरिंग ड्रममध्येच असतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: डाव्या पुढच्या चाकाच्या नटाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने मी पहिल्या वेळी तो नट जवळजवळ तासभर चुकीच्या दिशेने ओढत होतो आणि त्यात आट्यांचा पहिला फेरा खराब झाला. याच चाकाच्या ग्रीस कॅपमधून स्पीडोमीटरच्या केबलचे चौकोनी टोक बाहेर आलेले असते, त्यामुळे कॅप काढण्याआधी त्या टोकाची छोटी क्लिप किंवा पिन काढावी, नाहीतर केबल तुटते.

मागचा ड्रम अॅक्सलच्या खाचांवर घट्ट बसलेला असतो. तो न निघाल्यास पुलर वापरावा. हातोड्याने ड्रमच्या कडेवर मारू नये, कारण बिडाची कड फुटते आणि बेअरिंगलाही धक्का बसतो.

सावधान: एकही ड्रम काढलेला असताना कोणी ब्रेक पेडल दाबू नये. सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात आणि ऑइल सगळीकडे सांडते. घरात लहान मुले असतील तर दार बंद करून किल्ली खिशात ठेवावी.

## टप्पा ४ : उघडलेला ब्रेक नीट पाहणे

दोन्ही बाजू एकाच वेळी उघडाव्यात, पण सुट्या एकाच बाजूच्या कराव्यात. दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवली म्हणजे स्प्रिंग कुठे, कोणत्या भोकात आणि शूच्या पुढून की मागून जाते हे समोर पाहता येते. डावी बाजू उजव्या बाजूची आरशातली प्रतिमा असते, हे ध्यानात ठेवावे. फोटो काढावेतच, पण फोटोत स्प्रिंगमागचे दिसत नाही.

सुटे करण्यापूर्वी तीन ठिकाणी ओल शोधावी. व्हील सिलिंडरचे रबरी बूट हलकेच उचलून पाहावेत. आत ऑइल असेल तर सिलिंडर गळतो आहे. मागच्या बॅकप्लेटवर गिअरचे जाड, वासाचे तेल दिसले तर अॅक्सलची सील गेली आहे, आणि ती न बदलता नवे शू बसवले तर ते काही दिवसांत वाया जातात. पुढे ग्रीस दिसली तर ड्रमची सील बदलावी. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा भाजून पुन्हा वापरण्याची जुनी पद्धत मी कोणालाही सुचवणार नाही. वरून कोरडे दिसणारे लायनर गरम झाले की आतले तेल पुन्हा बाहेर टाकते.

ड्रमच्या आत बोट फिरवावे. खोल चरे, भेगा किंवा निळसर डाग असतील तर ड्रम लेथवर टर्न करून घ्यावा किंवा बदलावा. टर्न केल्यास त्या अॅक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे करून घ्यावेत आणि गाडीच्या मॅन्युअलमधली व्यासाची मर्यादा ओलांडू नये. चाकाजवळचे रबरी होजही वाकवून पाहावेत. बाहेरून भेगा दिसल्या तर ते बदलावेत. होज आतून फुगलेला असेल तर ऑइल जाते पण परत येत नाही, आणि पेडल सोडल्यावरही चाक जाम राहते. हा दोष शूच्या अॅडजस्टमेंटचा समजून लोक आठवडे घालवतात.

## टप्पा ५ : सुटे करणे, साफसफाई आणि सिलिंडर

आधी शूच्या मधल्या पिना काढाव्यात: मागून पिनेचे डोके बोटाने धरायचे, पुढून वाटी पकडीने दाबून पाव फेरा फिरवायची, म्हणजे ती सुटते. त्यानंतर एक शू अॅडजस्टरच्या खाचेतून बाहेर काढला की स्प्रिंगचा ताण उतरतो. स्प्रिंग डोळ्यांकडे उडू शकते, म्हणून चष्मा लावावा.

नवा सिलिंडर बसवायचा असेल तर पाइपचा किंवा होजचा नट सोडून त्याच्या टोकावर ब्लीडर निपलचे रबरी टोपण लावावे. एवढ्याने ऑइलची गळती जवळजवळ थांबते. ब्रेक ऑइल रंगावर पडले तर रंग उचलते, म्हणून सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे. सिलिंडर बसवताना ब्लीडर निपल वरच्या बाजूस आले पाहिजे. ते खाली गेले तर आतली हवा वर अडकून राहते आणि कितीही वेळा एअर काढली तरी ती निघत नाही.

पाइपचा नट आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरवावा आणि नंतर सिलिंडरचे बोल्ट घट्ट करावेत. सिलिंडर आधी घट्ट केला तर पाइप तिरका लागतो आणि आटे कापले जातात.

जुनाच सिलिंडर रबर किट टाकून वापरायचा असेल तर आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असली पाहिजे. नखाला खड्डा लागत असेल तर सिलिंडर टाकून द्यावा. पॉलिश पेपरने घासून खड्डे जात नाहीत, फक्त भोक मोठे होते. रबरी भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने कधीही धुऊ नयेत, कारण त्यांत रबर फुगते. ते ताज्या ब्रेक ऑइलनेच ओले करून बसवावेत.

अॅडजस्टरचे स्क्रू पूर्ण बाहेर काढून आटे साफ करावेत आणि त्यांना उष्णता सहन करणारी ग्रीस पातळ लावून पुन्हा आत बसवावेत. चांदणी बोटाने सहज फिरली पाहिजे. या पायरीला दहा मिनिटे लागतात, पण बहुतेक जण ती सोडून देतात आणि मग पाच महिन्यांनी अडकलेला अॅडजस्टर हातोड्याने फोडतात.

## टप्पा ६ : शू बसवणे

बॅकप्लेटवर शूच्या कडा जिथे घासतात त्या उंच जागांवर ग्रीसचा नुसता हात फिरवावा. लायनरला ग्रीसचा किंवा तेलकट बोटाचा स्पर्शही होऊ नये. मी लायनरवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवतो आणि ड्रम चढवण्याच्या क्षणी ती काढतो.

अॅडजस्टर पूर्ण आत फिरवून ठेवावेत. त्यांच्या स्क्रूमधली खाच सरळ नसून तिरकी असते आणि शूचे टोकही तसेच तिरके कापलेले असते. दोन्हींचा कल एकाच दिशेला आला तरच शू तळापर्यंत बसतो. स्क्रू अर्धा फेरा उलटा राहिला तर शू खाचेच्या कडेवर टेकतो, वरून सगळे ठीक दिसते, आणि थोड्या धावेनंतर शू खाली बसला की पेडल अचानक खोल जाते.

मागच्या चाकांत हँडब्रेकचा लिव्हर गाडीच्या मागच्या बाजूकडील शूला लागतो. केबलचे टोक लिव्हरच्या खालच्या आकड्यात अडकवावे, दोन शूंमधली आडवी दांडी तिच्या खाचांत नीट बसवावी आणि मग स्प्रिंग चढवाव्यात. दांडी खाचेबाहेर राहिली तर हँडब्रेक अजिबात लागत नाही, आणि ते कळते ते ड्रम चढवल्यावर.

तपासा: दोन्ही शू तळहातांत धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवावेत. ते एकत्र, थोडेसे आणि मोकळेपणाने सरकले पाहिजेत. स्प्रिंग हबला किंवा अॅक्सलला घासत नाही ना, हे टॉर्चने पाहावे. हे पटल्यावरच दुसरी बाजू सुटी करावी.

## टप्पा ७ : ड्रम चढवणे आणि पुढचे बेअरिंग

पुढची बेअरिंग जुनी ग्रीस पूर्ण काढून, धुऊन, वाळवून नव्या ग्रीसने आतपर्यंत भरावीत आणि नवी सील बसवावी. ड्रम चढवल्यावर तो फिरवत फिरवत नट घट्ट करावा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात, आणि मग नट मागे घ्यावा. ड्रममध्ये ०.०३ ते ०.१२ मिमी इतकीच आतबाहेर हालचाल राहिली पाहिजे. मोजण्याचे घड्याळ (डायल गेज) नसेल तर नटामागचा वॉशर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने, रेटा न देता, बाजूला सरकतो का ते पाहावे. तो सरकला पाहिजे, पण ड्रम वर-खाली डुलता कामा नये. जुन्या मॉडेलांत दोन नटांमध्ये लॉकचा पत्रा असतो, नंतरच्यांत एकच क्लँप नट असतो. लॉक केल्यानंतर मोकळीक पुन्हा तपासावी, कारण लॉक करताना ती बदलते.

हे शूच्या अॅडजस्टमेंटआधीच का करायचे, हे समजून घ्यावे. बेअरिंग ढिले असेल तर ड्रम डुलतो आणि कलंडलेल्या ड्रमच्या मापाने शू लागतात. नंतर बेअरिंग घट्ट केले की ते सगळे माप चुकते.

मागचा नट या टप्प्यावर हाताच्या साध्या जोराने घट्ट करावा. अंतिम जोर गाडी जमिनीवर आल्यावर द्यायचा आहे.

## टप्पा ८ : शू अॅडजस्ट करणे

प्रत्येक चाकाला दोन अॅडजस्टर आहेत आणि प्रत्येक अॅडजस्टर एकाच शूचा आहे. एक अॅडजस्टर हळूहळू फिरवत ड्रम हाताने फिरेनासा करावा, मग तीन ते चार दाते मागे घ्यावा. दुसऱ्याचेही तसेच करावे. दोघांची फिरवण्याची दिशा एकमेकांच्या उलट असते.

चारही चाके झाली आणि चारही ड्रम जागेवर आहेत याची खात्री केली की पेडल काही वेळा दाबावे, म्हणजे शू मध्यावर येतात, आणि मग सगळी चाके पुन्हा एकदा अॅडजस्ट करावीत. ही दुसरी फेरी चुकवू नये. नवे शू पहिल्या फेरीत क्वचितच नीट बसतात. ड्रम हलका घासल्याचा आवाज करत पण मोकळा फिरला पाहिजे.

## टप्पा ९ : एअर काढणे

सुरुवातीला पेडलची मोकळी चाल तपासावी. पेडलच्या टोकाशी ५ ते ७ मिमी चाल राहिली पाहिजे, म्हणजे मास्टर सिलिंडर आणि पुश रॉड (पेडलकडून सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी) यांत सुमारे १ मिमी अंतर राहते. हे अंतर नसेल तर मास्टर सिलिंडरमधले परतीचे भोक झाकलेले राहते आणि ब्रेक हळूहळू जाम होत जातो.

उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर पुढे उजवीकडे असतो. म्हणून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. पुस्तकांत आणि व्हिडिओंत डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा क्रम दिलेला असतो, तो तसाच उतरवू नये.

निपलवर पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवावे. मदतनिसाला तीनच शब्द ठरवून द्यावेत: "दाब", "धर", "सोड". त्याने पेडल दाबून धरल्यावर निपल अर्धा फेरा उघडावे, ऑइल येऊन गेल्यावर बंद करावे आणि त्यानंतरच "सोड" म्हणावे. निपल उघडे असताना पेडल सुटले तर हवा परत आत जाते. जुना मास्टर सिलिंडर असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल तळापर्यंत गेले की आतले रबर कधी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटते. पुढच्या बॉनेटखालची टाकी दर आठ-दहा दाबांनंतर भरावी. ती एकदा रिकामी झाली तर काम पहिल्या चाकापासून सुरू करावे लागते.

तपासा: आता पेडल काय सांगते ते ओळखावे, कारण याच ठिकाणी चुकीचा भाग बदलला जातो.

पेडल पहिल्या दाबाला खोल जाते, पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आणि टणक लागते, तर शू ड्रमपासून दूर आहेत; टप्पा ८ पुन्हा करावा. पेडल रबरासारखे लवचीक लागते आणि प्रत्येक दाबाला थोडे वर चढते, तर हवा शिल्लक आहे. पेडल टणक लागते पण पाय तसाच दाबून धरल्यावर सावकाश खाली जात राहते, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. मास्टर सिलिंडरला हात लावण्याची वेळ फक्त या तिसऱ्या लक्षणात, आणि तीही चारही चाके व सगळे सांधे कोरडे असल्याचे पाहिल्यानंतर येते.

## टप्पा १० : हँडब्रेक आणि मागचा नट

हँडब्रेक पायाच्या ब्रेकनंतरच लावावा. केबल आधी ओढली तर शू उघडेच राहतात आणि मागची सगळी अॅडजस्टमेंट खोटी ठरते. लिव्हर दोन खाचा वर घेऊन केबलचे नट इतके आवळावेत की दोन्ही मागची चाके हाताने जेमतेम फिरतील आणि दोन्हींचा विरोध सारखा असेल. चौथ्या खाचेवर ती हाताने फिरता कामा नयेत, आणि लिव्हर पूर्ण सोडल्यावर मोकळी फिरली पाहिजेत.

चाके बसवून गाडी जमिनीवर घ्यावी, मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगावे आणि मागचा नट ३०० न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करावा. एवढ्या मापाचा टॉर्क पाना घरी सहसा नसतो. तो गॅरेजमधून मागून आणावा. तो मिळेपर्यंत आडव्या दांड्यावर नटापासून ५० सेमी अंतरावर ६० किलोचा पूर्ण भार दिला की जवळपास तेवढाच जोर लागतो. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढेच फिरवावा, मागे कधीही घेऊ नये. ढिला नट ड्रमच्या आतल्या खाचा कापत जातो आणि शेवटी अॅक्सल फिरतो पण चाक फिरत नाही.

## टप्पा ११ : पहिली धाव

इंजिन सुरू करण्याआधी पेडल एक मिनिट जोरात दाबून धरावे आणि चारही चाकांच्या आत टॉर्चने ओल शोधावी. नंतर मोकळ्या, सपाट जागी चालण्याच्या वेगात ब्रेक लावून पाहावा, मग ताशी ३० किलोमीटरला. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या अॅक्सलची दोन्ही चाके पुन्हा अॅडजस्ट करावीत. तरी ओढ राहिली तर ड्रम उघडून लायनरवर ग्रीस लागली आहे का ते पाहावे.

काही किलोमीटरनंतर थांबून चारही ड्रमजवळ हात न्यावा. एकच ड्रम इतरांपेक्षा खूप गरम असेल तर तिथला शू जवळ लागला आहे किंवा होज बंद झाला आहे. ब्लीडर निपल उघडून चाक सुटले तर दाब आत अडकला होता, म्हणजे होज किंवा पुश रॉडची चाल तपासावी. न सुटल्यास शू किंवा केबल पाहावी.

नवे लायनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण लागेपर्यंत ब्रेक थोडा कमी पकडतो. या काळात खंडाळ्याचा किंवा खंबाटकीचा घाट उतरू नये आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. साधारण ३०० किलोमीटर झाले की टप्पा ८ आणि हँडब्रेकची तपासणी पुन्हा करावी, टाकीतली ऑइलची पातळी पाहावी आणि मागची चाके उचलण्याआधी त्यांच्या टोप्या काढून दोन्ही स्प्लिट पिना जागेवर आहेत का ते पाहावे.